ओवाळणीतला प्रोसेसर

हिंगणघाट
११ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
शरयूचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

नमस्कार लिहिला आहे तो आईच्या नियमाप्रमाणे. भांडण कितीही पेटलं, अबोला कितीही लांबला, तरी कामाची गोष्ट चिठ्ठीत लिहायची आणि चिठ्ठीच्या माथ्यावर नमस्कार घालायचा, हा नियम तिने आपण दोघं शाळेत असताना घालून दिला. चिठ्ठी म्हणजे बोलणं नव्हे, त्यामुळे अबोला मोडत नाही. फोन म्हणजे बोलणं, आणि मोबाइलवरचे निरोप म्हणजेही बोलणंच, असं मी धरते. तू काय धरतोस ते माहीत नाही, पण गेल्या भाऊबीजेपासून तूही फोन केलेला नाहीस. वर्धा ते हिंगणघाट एसटीने तासाभराचा रस्ता, पण सध्या आपल्या दोघांत पोस्टमन लागतो.

आता काम. तू दिलेला कॉम्प्युटर संपला. म्हणजे चालू होतो, पण बटण दाबून मी आंघोळ आणि देवपूजा उरकते तेव्हा कुठे पडद्यावर चित्र उमटतं. पंखा असा घरघरतो की शेजारच्या पुंडलिकरावांनी विचारलं, मॅडम, घरात पिठाची चक्की टाकली काय म्हणून. हे सगळं मी सोसलं असतं. पण अल्लीपूरच्या रूपरावांची छाया यंदा दहावीला आहे. तिला आणि तिच्या मैत्रिणींना मी इथून व्हिडिओवर गणित शिकवते, तुला ठाऊक आहेच. त्यांना हिंगणघाटला क्लासला यायचं तर संध्याकाळी परतीची गाडी नाही. निवृत्त झाल्यापासून माझ्या आठवड्यात एवढंच एक मनासारखं काम उरलं आहे. मी वर्तुळ काढते ते त्यांना दिसतं तेव्हा माझा आवाज गेलेला असतो, आणि आवाज पोचतो तेव्हा वर्तुळ अर्ध्यात गोठलेलं. रूपरावांनी परवा फोनवर तोंडावरच सांगितलं, मॅडम, आवाज येते तं आकृती दिसत नाई, अन् आकृती दिसते तं तुम्ही मुक्या होता. मला लाज वाटली.

सुमीतचं म्हणणं आहे की आई, तो डबा भंगारात दे, मी पुण्याहून लॅपटॉप पाठवतो. माझंही मत तेच. फक्त कॉम्प्युटर तुझ्या ओवाळणीतला आहे, आणि ओवाळणीची वस्तू देणाऱ्याला न सांगता मोडीत काढू नये एवढी रीत मला कळते. म्हणून कळवते आहे. परवानगी मागत नाही, याची नोंद घ्यावी. नोंदी घेण्यात तुझा जन्म गेला आहे.

नंदिनीवहिनींना नमस्कार सांग. त्यांच्याशी माझा अबोला नाही.

लोभ आहे तेवढा असू द्यावा, वाढवण्याचा आग्रह नाही.

तुझी बहीण,
शरयू


वर्धा
१८ ऑगस्ट २०२५

चि. शरयूस,
अनेक आशीर्वाद.

आपल्या घरात अनेक उत्तम आशीर्वाद असं लिहितात. उत्तम हा शब्द मी गाळला आहे आणि तो नजरचुकीने गाळलेला नाही.

तुझं पत्र मिळालं. त्यात तू कॉम्प्युटरला डबा म्हटलं आहेस. तो शब्द सुमीतचा आहे हे मी ओळखतो, पण तू तो जिभेवर घेतलास हे वाईट. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा साहेब त्याच्याकडे लांबून बघायचे. मी हेडक्लार्क, मी त्याचं झाकण उघडलं. तिथपासून शिकत गेलो आणि २०१० साली तुझ्यासाठी एक एक भाग निवडून तो जोडला. पुढे दर भाऊबीजेला तू ओवाळलंस आणि मी तबकात एकेक भाग टाकला. एकदा मेमरी, एकदा कॅमेरा, एकदा नवी डिस्क. तुझ्या मैत्रिणींना भावांनी साड्या दिल्या, त्या आज पायपुसणी झाल्या असतील. माझी ओवाळणी अजून चालते आहे. पहिल्या दिवसापासूनचं आता मदरबोर्ड आणि प्रोसेसर, एवढंच उरलं आहे.

आणि तुझं दुखणं त्या प्रोसेसरमध्येच आहे, हे तुझ्या चिरंजीवांना कळायला हवं होतं. व्हिडिओ, आवाज, फळा, सगळं एका वेळी चालवायचं म्हणजे चार गड्यांचं काम आणि त्याच्यापाशी गडी दोन. त्याच बोर्डावर बसणारा चार गड्यांचा प्रोसेसर मिळतो. नवा नाही, वापरलेला, पण मी नागपूरला सीताबर्डीवर जाऊन तो हुडकून आणला आहे. बोर्ड तो स्वीकारतो हे मी पडताळलं आहे. सध्या तो माझ्या सुपारीच्या डबीत आहे. यंदाची ओवाळणी हीच. येतो, जुना काढतो, नवा बसवतो, तुझं वर्तुळ पूर्ण होईल.

आणखी एक. दिवाळीत कापसाचं जिनिंग सुरू झालं की तुमच्या गावची रुई हवेत उडते आणि पंख्यात जाऊन बसते. ती मी दर वर्षी चिमट्याने काढत होतो. गेल्या वर्षी ते काम दुसऱ्याने केलं. त्याने एक फुंकर मारली आणि झाकण लावलं. चक्कीचा आवाज तिथून येतो आहे.

मला वाटतं तुला नवं पाहिजे आहे ते चांगलं चालतं म्हणून नाही. नव्याला माझा हात लागलेला नाही, म्हणून पाहिजे आहे. खोटं असेल तर तसं लिही.

उत्तराची वाट पाहतो. लोभाबद्दल नंतर बोलू.

दत्तोपंत


हिंगणघाट
२९ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

गणपती बसले. मोदक केले, तुझ्या वाट्याचे पुंडलिकरावांकडे गेले.

तू दत्तोपंत म्हणून सही केलीस. मला वाटलं पाटबंधाऱ्याचंच पत्र आलं. मीही आता कचेरीला लिहावं तसंच लिहिते. तुझा चार गड्यांचा प्रोसेसर मी सुमीतला कळवला. त्याचं म्हणणं असं की ऑक्टोबरात ह्यातल्या विंडोजची देखभाल बंद होणार, आणि पुढची विंडोज ह्या बोर्डावर चढत नाही, मग त्यात दोन गडी असोत की चार. दुसरं, बोर्डावरचे ते छोटे डबीसारखे भाग फुगले आहेत, ते त्याने गेल्या वर्षी पाहिले. तिसरं, प्रोसेसरच्या खाली केसासारख्या बारीक टाचण्यांची गादी असते. वरून प्रोसेसर तिरका टेकला तर टाचण्या वाकतात, आणि त्या वाकल्या की सगळंच गेलं. आता तू मला सांग, हे सगळं दहावीच्या वर्षात मी काऊन करू? छायाची चाचणी दिवाळीनंतर लगेच आहे. तुझ्या हौसेपायी तिचा तास बंद पडला तर मी रूपरावांना काय तोंड दाखवू? थोरल्या जावयांची समजूत घालून ती माणसं या मुलीला शिकवत आहेत, नाहीतर तिच्या बहिणींची लग्नं अकरावीच्या आतच झाली.

पण हे झालं मशीनचं. तू शेवटी जे विचारलंस त्याचं उत्तर देते, कारण खोटं असेल तर लिही म्हणालास.

दादा, तू वस्तू देतोस आणि सोडत नाहीस. वास्तुशांतीला तू घड्याळ दिलंस. गेली इतकी वर्षं ते घड्याळ माझ्या भिंतीवर आहे आणि घरात शिरल्याबरोबर चपला काढायच्या आधी तू तुझ्या मनगटावरचं घड्याळ बघून ते दोन मिनिटं पुढेमागे करतोस. कुकर दिलास, त्याची शिट्टी मी साफ करते की नाही ते तू बघतोस. सुमीतचे बाबा असताना तुझी त्यांच्याशी चकमक व्हायची, आणि ते बिचारे माझ्याकडे बघून गप्प बसायचे. ते गेले, आता गप्प बसायला मी एकटी उरले. तू मला कधी काही दिलंच नाहीस, तुझ्या वस्तू फक्त माझ्याकडे ठेवायला दिल्यास. मी पासष्ट वर्षांची झाले. माझ्या टेबलावर काय असावं हे मला ठरवू दे.

तेव्हा उघड लिहिते. त्या कॉम्प्युटरमध्ये यंदा मला तुझा हात नको आहे. नुसता जेवायला यायचं असेल तर ये. प्रोसेसर घेऊन येणार असशील तर येऊ नकोस. भाऊ नसला तर चंद्राला ओवाळतात, मी चंद्राला ओवाळीन. निदान तो घरात येऊन स्क्रू उघडत नाही.

लोभाचं नंतर बोलू म्हणालास. ठीक आहे.

शरयू


वर्धा
५ सप्टेंबर २०२५

शरयू,

आशीर्वाद लिहीत नाही. आईचा नियम आज मी मोडतो आहे, पाप माझ्या माथी. पूर्वी असं पत्र मी रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवलं असतं. ते या महिन्यापासून बंद झालं, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवतो. तू सही करून घ्यावंस आणि मिळालं नाही असं म्हणू नये.

हात नको म्हणालीस. बरं झालं, तूच शब्द काढलास. गेल्या भाऊबीजेला काय झालं ते आता मी लिहून ठेवतो, कारण इतके दिवस नंदिनीने विषय काढला तरी मी बोललो नाही. ओवाळून झालं. मी कॅबिनेट आडवं केलं. झाकण काढून पंख्याचा स्क्रू सोडवताना तो बोर्डावर पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. सुमीत, नंदिनी आणि तुझे पुंडलिकराव समोर बसलेले. आणि तू उठून आलीस, माझ्या बोटांतून स्क्रू ड्रायव्हर काढून घेतलास, सुमीतला दिलास आणि मला म्हणालीस, दादा, तू आता बस, चहा घे.

तू आता बस. कचेरीतून निवृत्त झालो तेव्हा नारळ आणि शाल देऊन साहेबांनी हेच वाक्य गोड शब्दांत सांगितलं होतं. त्याचं मला काही वाटलं नाही, कारण ते परके होते. तू माझ्या पाठची. तुझं पहिलं अक्षर पाटीवर मी हात धरून गिरवून घेतलं आहे. मी चहा घेतला. कप बशीवर वाजत होता आणि सगळे जण तो वाजत नाही असं दाखवत होते. पुंडलिकराव तर पंचांग बघायला लागले.

माझा हात थरथरतो. तो हात माझ्याच खांद्याला लागलेला आहे, तेव्हा ती बातमी मला सगळ्यांत आधी कळलेली होती. तू ती चारचौघांत जाहीर करायची गरज नव्हती. आणि आता पत्रात भाग फुगले, टाचण्या वाकतात, दहावीचं वर्ष आहे, असं सगळं लिहिलंस. मला त्या प्रत्येक ओळीत एकच गोष्ट दिसते. ती सरळ लिहायची हिंमत तुझ्यात नाही, म्हणून सुमीतच्या तोंडून लिहितेस.

भंगारात दे. मी भाऊबीजेला येणार नाही. जेवायला मला माझ्या घरी मिळतं. तू खुशाल चंद्राला ओवाळ, त्याचा हात स्थिर आहे.

दत्तात्रय


वर्धा
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय शरयूवन्सं,
नंदिनीचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

ह्यांना न सांगता लिहिते आहे. तुम्ही त्यांना लिहाल तेव्हा ह्या पत्राचा विषय काढू नका.

मी रागावले आहे आणि तुम्हा दोघांवर रागावले आहे. तुमच्या भावाचं डोकं फिरलं आहे म्हणावं तर तुमचंही काही ठिकाणावर नाही. फोन ठेवून पत्रं काय लिहिता, नमस्कार गाळला काय म्हणता, आणि ते रोज पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून बसतात. पोस्टमन दुसऱ्या गल्लीला वळला की माझ्यावर भाजीवरून खेकसतात. तुमचा अबोला तुमच्या आईंनी सुरू केला असेल, पण निस्तरावा मला लागतो.

वन्सं, तुम्ही शाळेत उभा जन्म शिकवलंत. वर्गात पोराच्या हातातून खडू काढून घेऊन शेजारच्याला दिला तर त्या पोराचं काय होतं हे तुम्हाला मी सांगायचं? मी त्या दिवशी तिथे होते. मला खरं तर तेव्हाच बोलायचं होतं, पण तुमचं घर, तुमचा सण, म्हणून गप्प राहिले.

आता घरातलं ऐका. डॉक्टरांना दाखवलं. वयाचा कंप आहे, दुसरं काही नाही, गोळीने थोडा कमी होईल, जाणार नाही, असं ते म्हणाले. ह्यांनी डॉक्टरांना काय विचारलं असेल? जेवणाचं नाही, सहीचं नाही. प्रोसेसर बसवता येईल का असं विचारलं. डॉक्टरांना वाटलं ते काही ऑपरेशनचं नाव आहे.

तेव्हापासून माझं जेवणाचं टेबल गेलं. भंगारातून मेलेले बोर्ड आणले आहेत आणि दुपारी मी आडवी झाले की हे त्यावर सराव करतात. एक बिनकामाचा प्रोसेसर आहे, तो उचलायचा, टेकवायचा, कडी खाली करायची. मी झोपलेय असं त्यांना वाटतं. मला सगळं ऐकू येतं. बसला की काही आवाज येत नाही. नाही बसला की खुर्ची मागे सरकते आणि हे बराच वेळ अंगणात जाऊन उभे राहतात. तो नागपूरचा खरा प्रोसेसर मात्र सुपारीच्या डबीतून काढलेला नाही. सुपारी सुटली तेवढं एक बरं झालं.

त्यांना तुमच्याकडे येऊ द्या असं मी म्हणत नाही. तुमची ती अल्लीपूरची मुलगी, तिचं नुकसान व्हावं असं मलाही वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर दहातल्या निम्म्या वेळी तो बसत नाही. पण येऊ नका असं लिहून तुम्ही जे केलंत तेही मला पटलेलं नाही. काय करायचं ते तुम्हीच बघा. तुम्ही हुशार ना.

राग आहे तोवर लोभही आहे असं समजावं.

तुमची,
नंदिनी


हिंगणघाट
४ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
शरयूचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तू आशीर्वाद लिहिला नाहीस तरी नमस्कार मी लिहिते आहे. उद्या वर आईने विचारलं तर माझी बाजू स्वच्छ असावी.

लॅपटॉप आला. सुमीतने पाठवला, दसऱ्याला त्याची पूजा केली. हे वाचून तुला काय वाटेल ते मला माहीत आहे, तरी पुढचं वाच, पत्र फाडू नकोस. काल पहिला तास त्यावर घेतला. छायाला वर्तुळ पूर्ण दिसलं, स्पर्शिका दिसली, आवाज बरोबर गेला. मागून रूपराव म्हणत होते की आता मॅडम बरोबर दिसून राहिल्या. रुख्माबाई, म्हणजे छायाची आजी, पडद्यात डोकावून मला विचारत होती की बाई, तुमचं जेवण झालं काय. एवढं स्पष्ट चाललं आहे. मुलींचा तास आता माझ्या टेबलावरच्या कोणत्याही जुन्या वस्तूवर अवलंबून नाही.

तू म्हणालास की सरळ लिहायची माझी हिंमत नाही. घे. तुझे हात थरथरतात म्हणूनच मी स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला. मी माफी मागत नाही. त्या दिवशी त्या कॉम्प्युटरमध्ये मुलींची सगळी टिपणं होती, दुसऱ्या दिवशी त्यांचा तास होता, आणि तुझा स्क्रू त्याच बोर्डावर पडत होता. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा काढून घेईन. चारचौघांत काढला हे वाईट झालं म्हणशील, तर चारचौघं तू जमवली होतीस. दर वर्षी तू झाकण उघडताना सगळ्यांना बोलावून बसवतोस, जणू सत्यनारायण आहे. प्रेक्षक बोलावले की ते सगळंच बघतात.

आणि मला राग आला होता. तुझ्यावर नाही, तुझ्या त्या बोटांवर. माझा भाऊ म्हातारा झाला हे मला माझ्याच घरात, सणाच्या दिवशी, कुणी सांगायला नको होतं. ते तुझ्या हाताने सांगितलं. तो राग मी तुझ्यावर काढला आणि अजून तो पुरता गेलेला नाही.

आता त्या डब्याबद्दल. हो, डबाच म्हणते. टिपणं मी काढून घेतली. त्याच्यावर आता कुणाचं वर्ष नाही, कुणाचा तास नाही. चालला तरी माझं काही अडत नाही आणि मेला तरी अडत नाही. भंगारवाल्या तानबाला मी दिवाळीच्या आधी येऊ नको म्हणून सांगितलं आहे, भाऊबीज झाल्यावर ये म्हटलं. तोपर्यंत डबा त्याच टेबलावर आहे, झाकण मी उघडलेलं नाही, तुझी रुई आत तशीच आहे.

तुला तो प्रोसेसर बसवायचा असेल तर येऊन बसव. टाचण्या वाकल्या तर वाकल्या. त्या दिवशी सुमीत पुण्याहून येणार आहे, त्याला मी नारळ खवायला स्वयंपाकघरात बसवीन आणि पुंडलिकरावांना सांगीन की यंदा फराळ दुसऱ्या दिवशी. मीही वाटलं तर बाहेर जाऊन बसेन. दादा, वस्तू दिली की सोडावी असं मी तुला म्हणाले होते. तू दिलेली ही वस्तू मी आता तुला मोडायला परत देते आहे, यापेक्षा जास्त मला येत नाही.

नाही आलास तर चंद्र आहेच. पण तो संध्याकाळी दिसतो आणि तोवर मी उपाशी बसत नाही, हेही लक्षात घे.

लोभ असावा, असं या खेपेला लिहिते.

शरयू


वर्धा
१२ ऑक्टोबर २०२५

चि. शरयूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तम परत घातला आहे. त्याचा गैरअर्थ काढू नये.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी निकामी करून मग वस्तू हातात द्यायची, म्हणजे नापास झालं तरी प्रगतिपुस्तकात लागू नये, ही मास्तरणीची युक्ती आहे आणि ती मला पहिल्याच वाचनात कळली. नंदिनीने तुला लिहिलं तेही कळलं. दुपारी डोळे मिटून पडणाऱ्या बाईला झोप लागली नाही हे चाळीस वर्षांच्या संसारानंतर ओळखता येतं. तू माफी मागितली नाहीस, मी ती मागितलेली नव्हती. प्रेक्षकांचं मात्र तू खरं लिहिलं आहेस. मला ते आवडायचं.

लॅपटॉपबद्दल मी काही म्हणणार नाही. त्याचं झाकण उघडू नये, त्यात आपल्या हाताने बदलण्यासारखं काही ठेवलेलं नसतं, एवढंच सांगतो. छायाला पाठ्यपुस्तकाबरोबर मागच्या प्रश्नपत्रिका सोडवायला लाव.

मी २३ तारखेला सकाळच्या एसटीने येतो. नंदिनी बरोबर आहे. ती म्हणते तिला आपल्या दोघांची तोंडं पाहायची नाहीत, पण करंज्या तिनेच केल्या आहेत. स्क्रू ड्रायव्हर मी माझाच आणतो. तुझ्या भिंतीवरचं घड्याळ मी बघणार नाही, चपला आधी काढीन. सुपारीची डबी खिशात असेल. ती तबकात टाकताना आवाज होईल, त्याकडे लक्ष देऊ नये.

सराव चालू आहे. काल बसला. आज नाही बसला. तुझ्याकडे बसेल की नाही ते मला सांगता येत नाही आणि हे वाक्य मी कचेरीत असतो तर कोणत्याही कागदावर लिहिलं नसतं.

एक सूचना. सुमीत नारळ खवू दे, पुंडलिकराव दुसऱ्या दिवशी येऊ देत. तू मात्र बाहेर जाऊन बसू नकोस. रुई काढून झाली, जुना प्रोसेसर निघाला आणि नवा टेकवायची वेळ आली की मी तुझ्याकडे बघेन. तेव्हा माझं मनगट धर. मी म्हणालो तरच धर, आधी नाही. आता ते म्हणायला मला तोंड उघडावं लागेल, चिठ्ठी लिहायला त्या वेळी हात मोकळा नसेल. तेव्हा आईच्या नियमाप्रमाणे अबोला तिथे मोडला असं धरावं, आणि तो कुणी मोडला ते पुढे काढू नये.

लोभ असावा.

तुझा,
दादा